वर्धेच्या दोन काठांवर : अहिंसक लढ्यांची तुलना, राजुऱ्यातून

प्रस्तावना

राजुऱ्याला स्वातंत्र्य १५ ऑगस्टला मिळाले नाही. १९४७ च्या त्या दिवशी वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूर-चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) तिरंगा सरकारी इमारतींवर चढला. अलीकडे राजुऱ्यात तो उभारणे हा गुन्हाच राहिला. राजुरा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता आणि पुढे तेरा महिने तसाच राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले, तेव्हा कुठे राजुरा भारतात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तालुका नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तिथून चांद्यात आला. या फिरवाफिरवीत त्याचा इतिहास कुणाच्याच पदरी पडला नाही. मराठवाडा मुक्तिसंग्राम लिहिणाऱ्यांच्या नकाशातून राजुरा सुटतो, कारण तो आता विदर्भात आहे. विदर्भातला स्वातंत्र्यलढा लिहिणाऱ्यांनाही तो सापडत नाही, कारण तेव्हा तो मोगलाईत होता.

ही तक्रार मांडण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. राजुऱ्याची ही अडनिडी जागा एका वेगळ्या कामाला उपयोगी पडते, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे निजामाचा हाली. सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब. पलीकडे इंग्रजी सन आणि मालगुजार. अलीकडे फसली सन, उर्दूतले सरकारी कागद आणि सरहद्दीवर माल अडवून जकात घेणारे करोडगिरीचे नाके. माणसे मात्र दोन्हीकडे मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी, एकमेकांकडे लेकी दिलेली. जंगलही एकच, नदीने मधोमध चिरलेले. सोयरे, भाषा आणि जंगल सारखे, पण राज्य वेगळे, असा योग तुलना करणाऱ्याला सहसा मिळत नाही.

प्रस्तुत पुस्तकात नागपूरच्या झेंडा सत्याग्रहापासून हैदराबाद मुक्तिसंग्रामापर्यंतचे, म्हणजे १९२३ ते १९४८ या पंचवीस वर्षांतले सामुदायिक अहिंसक लढे शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्याकडे अशी तुलना बहुधा दोन प्रकारे होते. एक गौरवाची: कोणत्या गावाने किती माणसे तुरुंगात पाठवली, कोणाचा नेता थोर. दुसरी निकालाची: इंग्रज गेले म्हणून अहिंसा जिंकली, चिमूरला कचेरी पेटली म्हणून ती हरली. दोन्हींत लढा आधीच ठरलेल्या उत्तराच्या पुराव्याला उभा केला जातो. त्यापेक्षा प्रत्येक लढ्याला तेच चार साधे प्रश्न विचारावेत असे या पुस्तकात योजले आहे. लोकांनी नेमका कोणता कायदा मोडला? पुढारी आत गेल्यावर कारभार कोणाच्या हाती आला? हे सगळे बाहेरून कोण पाहत होते? आणि थांबायचे केव्हा, हे कोणी ठरवले? या प्रश्नांची उत्तरे लढ्यागणिक बदलतात. त्यातून जे दिसते ते आरंभीच सांगून टाकतो. लढा अहिंसक राहतो की नाही हे नेत्याच्या शिकवणीवर ठरते त्याहून अधिक दोन गोष्टींवर ठरते: समोरच्या सत्तेने किती जागा मोकळी ठेवली आहे, आणि लढा पेटण्याआधी गावात किती काम झाले आहे.

झेंडा आणि धरण

नागपूरचा झेंडा सत्याग्रह १ मे १९२३ ला सुरू झाला. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला बंदी होती. स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज तिथेच जात आणि पकडल्या जात. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांनी घेतली. दीड हजारांवर माणसे आत गेल्यावर ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने गेली आणि सत्याग्रह संपला. मागणी एका रस्त्यापुरती आणि ती मान्य करण्यात सरकारचे नुकसान थोडे. पुढच्या बहुतेक सत्याग्रहांची शिस्त, म्हणजे तुकडी, नायक, नायकामागे नायक, या लढ्यात तयार झालेली दिसते.

याच काळात मुळशीत शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे होते. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागे बायाबापड्या खणलेल्या चरांत जाऊन बसल्या. धरण झालेच. तिथे एका रस्त्याची परवानगी मागायची नव्हती. कंपनीचे भांडवल, सरकारचे भूसंपादन आणि मुंबईची वीज या तिन्हींना एकदम अडवायचे होते. बापट पुढे शस्त्राकडे वळले आणि सात वर्षांची सजा भोगून आले. मागणी जितकी सत्तेच्या तिजोरीजवळ जाते, तितकी सत्तेची सहनशक्ती आटते, हा धडा मुळशीने पहिल्यांदा दिला.

गवताची पेंढी

१९३० च्या मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडापुढे पेच पडला: इथे समुद्रच नाही. अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला, पण तो मान राखण्यापुरता. विदर्भातल्या शेतकऱ्याला मिठाच्या कराहून जंगलखाते अधिक सलत होते. जंगल राखीव झाल्यापासून गवत, जळतण, नांगराचे लाकूड, चराई, सगळ्याला पास लागे, फी लागे आणि नाकेदाराची मर्जी लागे. राखीव हद्दीत गुरे शिरली की कोंडवाड्यात. गावाचा निस्तार, जो आजा-पणजापासून विनासायास चालत आला होता, तो आता सरकारच्या मेहेरबानीवर आला.

म्हणून इथे मिठाच्या जागी गवत आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून गवत कापले. ही कृती जरा जवळून पाहावी. वऱ्हाडातला नावाजलेला वकील आणि पुढारी, भर पावसाळ्यात, विळा घेऊन जंगलात जातो. गवत गुडघ्याला लागलेले. गावातली कुणीही बाई वैरणीसाठी रोज करते तेवढेच काम तो करतो: मूठ धरायची, विळा फिरवायचा, पेंढी बांधायची. आणि एवढ्यासाठी सरकार त्याला चोर म्हणून पकडते. सरकारने न पकडावे तर उद्या जंगलात सगळा तालुका उतरेल. पकडावे तर गवत कापणे म्हणजे चोरी, हे हास्यास्पद सत्य स्वतःच्याच कोर्टात मान्य करावे लागेल. विळा हे हत्यारही आहे, पण त्या दिवशी त्याने गवताखेरीज काही कापायचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. इतकी सोपी, इतकी घरची आणि तरीही कायद्याच्या नेमक्या नसेवर बोट ठेवणारी कृती १९३० च्या चळवळीत दुसरी क्वचितच असेल. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. केशव हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रह करून शिक्षा भोगली. वेगवेगळ्या वाटांच्या माणसांना ही कृती आपली वाटली, ती तिच्या साधेपणामुळे.

पुढे मात्र लढा वकिलांच्या हातून निसटला. तो खेडोपाडी गेला, बैतुलच्या गोंड-कोरकूंमध्ये गेला, आणि तिथे गवत हे प्रतीक राहिले नाही. ज्यांचे जंगल गेले होते ते आता ते परत मागत होते. ९ ऑक्टोबर १९३० ला याच प्रांतातल्या सिवनी जिल्ह्यात तुरियाला पोलिसांनी गोळ्या घातल्या; चार जण मेले, त्यांत तीन बाया. त्याआधी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला गोळीबार होऊन आठ आंदोलक गेले आणि मामलेदारासह सरकारी माणसेही मेली. पुसद आणि चिरनेर यांना एकाच नावाखाली जंगल सत्याग्रह म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पुसदला कोण, कुठे, केव्हा कायदा मोडणार हे आधी ठरलेले होते. चिरनेरला शेकडो माणसे आपल्या रोजच्या गरजेसाठी एकदम जंगलात उतरली. पहिल्या ठिकाणी थांबवणारा माणूस हजर होता. दुसऱ्या ठिकाणी थांबायचे कोणी ठरवावे हेच ठरलेले नव्हते.

या लढ्याला मिळाले काय? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावांना आपल्यापुरते मीठ करायची मुभा मिळाली. जंगलकाठच्या गावांसाठी त्यात एक ओळही नव्हती. दांडी आणि पुसद यांची तुलना करताना हा हिशेब सहसा मांडला जात नाही. मिठाचा लढा देशाचा म्हणून गणला गेला, त्याच्यामागे जगभरची वर्तमानपत्रे होती. गवताचा लढा जिल्ह्याच्या बातमीत राहिला आणि वाटाघाटीच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही.

इथे एका शेजारच्या लढ्याची दखल घ्यावी लागते. दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, २ मार्च १९३० ला, नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे झाले होते. महाडला कायदा सत्याग्रहींच्याच बाजूने होता. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. मोडायची होती ती रूढी, आणि ती राखणारे शिपाई शेजारच्याच आळीतले होते. परक्या राज्याला लाज वाटावी म्हणून हालअपेष्टा सोसण्याचा मार्ग शेजाऱ्यापुढे किती चालतो, हा प्रश्न महाड-नाशिकने उभा केला. काळारामचा लढा पाच वर्षांच्या आसपास चालून दार न उघडताच थांबला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत हे सत्याग्रह ‘सामाजिक’ म्हणून वेगळ्या खान्यात टाकले जातात. इथे ते त्याच रांगेत ठेवले आहेत.

नदीच्या अलीकडे

आता राजुऱ्याच्या काठावर यावे. इथे मोडायला मिळालेला पहिला कायदा गवताचा नव्हता, बोलण्याचा होता. संस्थानातल्या गश्ती निशाण ५३ प्रमाणे सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. राजकारण म्हणून काही करायची सोय नसल्याने लोक वाचनालये, खासगी शाळा, भाषेच्या परिषदा यांच्या आडून एकत्र आले. तेलुगू भागात आंध्र महासभा, मराठी भागात महाराष्ट्र परिषद. परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. पलीकडे चांद्यात त्या वर्षी काँग्रेसचे मंत्रिमंडळ प्रांत चालवत होते.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. संस्था जन्मण्याआधी बेकायदा, असे उदाहरण विरळाच. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीने हैदराबादेत सत्याग्रह केला. त्या तुकडीत श्रीनिवासराव बोरीकर, रामकिशन धूत, जनार्दनराव देसाई आणि रावी नारायण रेड्डी होते. तीन दिवसांनी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आत गेले. मागणी सत्ता उलथण्याची नव्हती. संघटना करू द्या आणि जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढेच म्हणणे होते.

हा सत्याग्रह दोन महिन्यांत, २४ डिसेंबरला, गांधीजींच्या सल्ल्याने थांबवला गेला. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह संस्थानात चालू होते. निजाम सरकार तिन्हींना एकाच मापाने मोजत होते: मुसलमान राजाविरुद्ध हिंदूंचा उठाव. स्टेट काँग्रेसचा लढा त्यात मिसळून जाईल आणि त्याचा अर्थच बदलेल, ही भीती खरी होती. पण तुरुंगात बसलेल्यांना ते थांबणे जड गेले, हेही खरे. आपल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर इथे फार बोलके आहे. थांबायचे ठरले ते लढा थकला म्हणून नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तो कसा दिसतो यावरून. आणि ते ठरवले संस्थानाबाहेरच्या माणसाने.

त्याच हिवाळ्यात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून विद्यार्थी काढले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले. त्यांनी कायद्याचे शिक्षण नागपुरात घेतले. निजामी राज्यातल्या अहिंसेला टेकू हवा होता, आणि तो ब्रिटिश हद्दीतल्या संस्थांनी दिला, हा मोठाच विरोधाभास आहे. इथल्या माणसाला नदी ओलांडली की पोलीस, कोर्ट आणि वर्तमानपत्र बदलत असे.

ज्यांना असा टेकू नव्हता, त्यांचे काय झाले ते याच आदिलाबाद जिल्ह्यात दिसते. कुमराम भीम यांनी जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या जमिनी आणि जंगल यांसाठी लढा उभारला. अर्ज-विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत भीम मारले गेले. दहाच वर्षांपूर्वी, नदीपलीकडच्या प्रांतात, याच मागणीसाठी बापूजी अण्यांना विळ्याने गवत कापून कोर्टात उभे राहता आले होते. पलीकडचे राज्य दयाळू होते असे यातून कुणी काढू नये; तुरियाच्या बाया त्याच राज्यात मेल्या. फरक इतकाच की तिथे अटक झाली तर खटला चाले, खटल्याची बातमी छापून येई आणि बातमीला उत्तर द्यावे लागे. जोडेघाटच्या डोंगरापर्यंत यातले काहीच पोचत नव्हते.

१९३८ च्या पहिल्या तुकडीतले रावी नारायण रेड्डी पुढे तेलंगणच्या सशस्त्र शेतकरी लढ्याचे नेते झाले आणि १९५२ मध्ये नळगोंड्यातून लोकसभेवर निवडून गेले. सत्याग्रह, बंदूक आणि मतपेटी, या तिन्ही वाटा एका माणसाच्या आयुष्यात आल्या. त्याला अहिंसेच्या रकान्यात घालावे की हिंसेच्या, हे ठरवायची घाई का करावी?

चिमूर, पुन्हा एकदा

चिमूरबद्दल आपल्या जिल्ह्यात इतके बोलले गेले आहे की नवे काय लिहावे असे वाटते. पण या पुस्तकाच्या दृष्टीने चिमूर दोन भागांत वाचायला हवे आणि दुसरा भाग फार कमी वाचला जातो.

पहिला भाग सर्वांना माहीत आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला देशभरचे पुढारी पकडले गेले. चिमूर परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी आधीच मने तापवली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणूक निघाली. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण गेला. संतापलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले, सरकारी इमारती जाळल्या. तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. मग फौज आली आणि तिने गावावर, विशेषतः बायांवर, जो अत्याचार केला त्याची आठवण तिथे अजून बुजलेली नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चिमूरमध्ये असे आहे: पुढारी आत गेल्यावर कारभार कुणाच्याच हाती उरला नाही. ‘करेंगे या मरेंगे’ ही घोषणा गावापर्यंत पोचली होती. कोणी मेल्यावर काय करायचे, याची तालीम पोचली नव्हती.

दुसरा भाग त्यानंतरचा. पुरुष फरारी किंवा तुरुंगात, गाव दहशतीखाली. अशा वेळी दादीबाई बेगडे यांच्यासारख्या बाया झाल्या प्रकाराबद्दल उघड बोलल्या. सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी चौकशीची मागणी केली. ते दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारी गेले. पुसदला गवत कापणारे अणे आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथे दाद लागली नाही. भणसाळींनी चिमूरकडे पायी जायचा प्रयत्न केला, त्यांना उचलून परत आणले गेले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी उपोषण केले, ते ६३ दिवस चालले. उपोषणाच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली, तेव्हा देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ ला अंकच काढला नाही. १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटले. पुढे चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी चिकाटीने मोहीम चालवली आणि १९४५ मध्ये फाशी टळून जन्मठेप झाली.

एका दिवसात जे पेटले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर तीन वर्षे जे चालले त्याला आपण चिमूरचा लढा म्हणतसुद्धा नाही. माझ्या मते अहिंसक लढा म्हणून चिमूरचा खरा अध्याय हाच आहे. त्यात मिरवणूक नव्हती. घाबरलेल्या गावातून साक्ष गोळा करणे, एका माणसाने अन्न सोडणे, संपादकांनी एका दिवसाचा अंक सोडणे आणि एका बाईने अर्जामागे अर्ज करत राहणे, एवढेच होते. आणि त्याने माणसे फासावरून उतरवली.

सरहद्दीवरची अहिंसा

१९४७ मध्ये पाळी पुन्हा नदीच्या अलीकडे आली. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ असा दिवस पाळला. १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. या वेळचा कार्यक्रम १९३८ पेक्षा मोठा होता आणि त्याचा रोख थेट निजामाच्या खजिन्यावर होता: शिंदीची झाडे तोडायची म्हणजे आबकारीचे उत्पन्न बुडेल, लेव्हीचे धान्य द्यायचे नाही, जंगलाचे नियम मोडायचे, वकिलांनी कोर्ट सोडायचे, विद्यार्थ्यांनी वर्ग सोडायचे. कागदावर हा विदर्भाच्या जंगल सत्याग्रहाचा मोठा भाऊच.

पण समोर कासिम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, होते. त्यांना कुणाला अटक करून खटला चालवायचा नव्हता. गावे लुटली गेली, माणसे सरहद्दीपलीकडे पळाली, आणि भारताच्या हद्दीत शिबिरे उभी राहिली. चांद्याच्या शिबिरात नरसिंह राव काम करत होते. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालच्या स्टेट काँग्रेसच्या कृती समितीला या शिबिरांतून बंदुका चालतात हे ठाऊक होते. करोडगिरीचे नाके आधी मोडायचे ठरले, मग जाळले जाऊ लागले. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटली गेली, शिबिरांचा खर्च भागवण्यासाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. पैशाचा हिशेब चोख ठेवला गेला, याचा त्या कार्यकर्त्यांना सार्थ अभिमान होता. पण हिशेब चोख असल्याने लूट सत्याग्रह होत नाही, आणि ती माणसे ते नाकारतही नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज संस्थानात शिरली आणि पाच दिवसांत प्रश्न मिटला. आपण त्याला पोलीस ॲक्शन म्हणतो. त्यानंतर संस्थानाच्या मराठवाडी आणि कानडी भागांत मुसलमान वस्त्यांवर जे झाले, त्याची चौकशी भारत सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. अहवाल मात्र अनेक दशके बाहेर आला नाही. मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत हे पान नसते. अहिंसक लढ्यांची तुलना करणाऱ्याला ते टाळता येत नाही, कारण सत्ता गेल्यावर शेजाऱ्याशी कसे वागायचे याची शिस्त लढ्याच्या काळातच घडत असते. रझाकारांच्या जुलमाने ती घडू दिली नाही, असे म्हणता येईल. त्यामुळे मेलेल्यांची संख्या कमी होत नाही.

तुलनेची पट्टी

अलीकडच्या काळात अशा लढ्यांची जगभर मोजणी झाली आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या आणि अहिंसक मोहिमा सशस्त्र मोहिमांपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात यशस्वी झाल्याचे दाखवले. मोठ्या पटावर पाहायला हे फार मोलाचे आहे. पण अशा मोजणीसाठी प्रत्येक मोहीम एका खान्यात टाकावी लागते. चिमूर कोणत्या खान्यात जाईल? १६ ऑगस्टचे की ६३ दिवसांचे? हैदराबादचा लढा १९३८ चा मोजायचा की १९४८ चा? जंगल सत्याग्रह पुसदवरून मोजायचा की चिरनेरवरून?

एकच लढा आपल्या आयुष्यात खाने बदलतो. तो का बदलतो ते पाहणे हेच तुलनेचे काम. पुसदला बदलला नाही, कारण थांबवणारा माणूस हजर होता आणि समोर कोर्ट होते. चिमूरला एका दिवसात बदलला, कारण थांबवणारे सगळे आदल्याच आठवड्यात पकडले गेले होते. आणि पुन्हा अहिंसेकडे वळला, कारण वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये हे काम करणारी, वर्षानुवर्षे तयार झालेली माणसे होती. हैदराबादेत १९३८ ला टिकला आणि १९४७-४८ ला टिकला नाही, कारण समोरच्याने अटक करणेच सोडून दिले होते. हिंसेबद्दल कार्यकर्त्यांना दोष देणे सोपे आहे आणि तिचे समर्थन करणेही तितकेच सोपे. त्या दिवशी त्यांच्यापुढे कोणते दार उघडे होते, हे विचारायला थोडी मेहनत लागते.

या कसोटीवर नंतरचा काळही पाहता येतो. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाने देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने जंगलावरचा सामूहिक हक्क मागितला आणि २००९ मध्ये तो मिळवला. १९३० मध्ये जे मागितले गेले आणि १९३१ च्या करारात ज्याचा उल्लेखही झाला नाही, ते ऐंशी वर्षांनी एका ग्रामसभेने कायद्याच्या कलमावर बोट ठेवून घेतले. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे ढकलायची. बाहेरच्याला हे वेळखाऊ वाटते. चिमूर आणि चिरनेर वाचून झाल्यावर मात्र कळते की हा वेळ लढ्याच्या आधी घालवायचाच असतो.

पुस्तकाची मांडणी कालानुक्रमे नाही. आधी पलीकडचा काठ, मग अलीकडचा, शेवटी दोन्ही मिळून, असे तीन भाग केले आहेत, म्हणजे एकाच वर्षी नदीच्या दोन्ही बाजूंना काय चालले होते ते वाचकाला स्वतः ताडून पाहता येईल. राजुरा, कोरपना, जिवती या भागातल्या वाचकांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात करायला हरकत नाही. हुतात्म्यांच्या याद्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या अन्यत्र मिळतात, आणि यादीत नाव असणे-नसणे यावरून आपल्याकडे घराघरांत जी भांडणे आहेत त्यांत आणखी एका पुस्तकाची भर नको. शिक्षकांना विनंती एवढीच की मुलांना ‘कोणता लढा श्रेष्ठ’ हा निबंध देऊ नका. वर दिलेले चार प्रश्न द्या आणि आपापल्या गावच्या लढ्याला ते विचारून यायला सांगा. उत्तरे गैरसोयीची निघतील. ती खोडून न काढता वर्गात मांडू द्यावीत.

राजुरा